सत्काराला बोलावण्याआधी पलटण विचारा

गेल्या अंकात माजी सैनिकांच्या पेन्शनविषयीच्या पत्रांना उत्तरं दिली होती. या वेळच्या पत्रांत पैशांचा विषयच नाही. २६ जानेवारी जवळ आली की गावोगाव सत्काराच्या याद्या तयार होतात आणि ज्यांची नावं यादीत असतात त्यांच्या घरात वेगळंच काहीतरी चाललेलं असतं. त्यातली चार पत्रं इथं घेतली आहेत. नाव छापू नका असं सगळ्यांनीच कळवलं होतं.

नव्या वाचकांसाठी माझी ओळख. मी औसा तालुक्यातला. १९८५ साली मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झालो, २०१३ साली सुभेदार म्हणून पेन्शनवर आलो.

प्रश्न : माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणतो, १९८४ साली फौजेत गेले. महार रेजिमेंटमध्ये होते. २००१ साली घरी आले. तरुणपणी ते श्रीलंकेत होते एवढंच आम्हाला माहीत आहे, त्याबद्दल ते कधी बोलत नाहीत. गेल्या वर्षी ग्रामपंचायतीनं २६ जानेवारीला त्यांचा सत्कार केला. फेटा बांधला, सूत्रसंचालकांनी ‘आपल्या गावचे कारगिलवीर’ म्हणून नाव पुकारलं, खूप टाळ्या वाजल्या. घरी आल्यावर दादा जेवले नाहीत. फेटा खुंटीला अडकवला आणि शेतात निघून गेले. यंदा शाळा आणि ग्रामपंचायत मिळून मोठा कार्यक्रम करणार आहेत. दादा म्हणतात, ‘मला नेऊ नका.’ गाव दादांना मेजर म्हणतं, आणि गावातले काही जण म्हणतात, मेजर भाव खातात. त्यांना समजावून न्यावं का? — एक मुलगी, अंबाजोगाई तालुका

उत्तर : ताई, समजावून नेऊ नका. त्यांना स्वतःहून यावंसं वाटेल असं काही करता आलं तर करा. ते करता येईल असं मला तुमच्याच पत्रावरून वाटतं. तुम्ही एक गोष्ट ओघात लिहून पुढं गेलात. दादा श्रीलंकेत होते, आणि स्टेजवर त्यांना कारगिलवीर म्हटलं.

मीही श्रीलंकेत होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. हे उत्तर दादांना वाचून दाखवलंत तरी चालेल.

२९ जुलै १९८७ ला भारत आणि श्रीलंका यांच्यात करार झाला आणि आपली शांतिसेना तिकडं गेली. आम्हाला सांगितलं होतं की शांतता राखायची आहे, तमिळ वाघांची, म्हणजे एलटीटीईच्या बंडखोरांची, हत्यारं जमा करून घ्यायची आहेत. ऑक्टोबरमध्ये त्याच वाघांशी लढाई जुंपली. तिचं नाव ऑपरेशन पवन. जाफन्याच्या लढाईत मराठा आणि महार, दोन्हींच्या पलटणी होत्या. तिथली माती लाल, ताडाची झाडं दाट, घरांना कुंपणं आणि कुंपणाआड विहिरी. रस्त्याखाली सुरुंग पुरलेला असायचा म्हणून रस्ता सोडून चालायचं. गोळी कुठल्या खिडकीतून येईल याचा नेम नसायचा, आणि जो रात्री गोळी झाडायचा तो सकाळी लुंगी नेसून बाजारात आमच्या समोरून जात असेल, तरी आम्हाला ओळखू यायचा नाही. २५ नोव्हेंबर १९८७ ला ८ महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांच्या छातीत गोळी लागली. तशाही अवस्थेत त्यांनी समोरच्याची रायफल हिसकावली, त्याला मारलं, आपल्या माणसांना हुकूम देत राहिले आणि तिथंच गेले. त्यांना परमवीर चक्र मिळालं. जन्म आपल्या मुंबईतला. आपल्याकडच्या किती शाळांतल्या मुलांना हे नाव माहीत आहे? दादा महार रेजिमेंटचे आहेत, त्यांच्यासमोर हे नाव घेऊन बघा.

मार्च १९९० मध्ये शेवटच्या तुकड्या परतल्या. तोवर आपले जवळपास १,२०० जवान गेले होते. ज्या सरकारनं पाठवलं ते बदललेलं होतं. श्रीलंका सरकारला आम्ही नको झालो होतो, तिथल्या तमिळ लोकांनाही नको झालो होतो. जहाजं मद्रासला लागली तेव्हा तिथल्या मुख्यमंत्र्यांनी स्वागताला जायचं नाकारलं. मी सुट्टीवर घरी आलो तर आजीनं विचारलं, ‘रावणाची लंका खरंच सोन्याची हाय का रं?’ तिनं निदान विचारलं तरी. बाकी गावानं काही विचारलं नाही, कारण त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं.

मग १९९९ साली कारगिल झालं आणि ते लोकांनी घरात बसून टीव्हीवर पाहिलं. तेव्हापासून फौजी म्हटला की गावाला कारगिल आठवतं. तुमच्या सूत्रसंचालकाच्या मनात काही वाईट नव्हतं. त्याच्याकडं जो सगळ्यात मोठा शब्द होता तो त्यानं दादांना दिला. पण दादांच्या जागी उभं राहून बघा. त्यांच्या शेजारी जो कुणी पडला असेल तो श्रीलंकेच्या मातीत पडला. त्याला ना मिरवणूक मिळाली, ना फ्लेक्स. आता दुसऱ्याच लढाईच्या नावानं टाळ्या घ्यायच्या म्हणजे त्या जोडीदाराला दुसऱ्यांदा मागं सोडून यायचं. त्यांच्या मनात हेच असेल असं मी छातीठोकपणे म्हणत नाही. माझ्या मनात हेच आलं असतं, आणि मलाही त्या रात्री घास उतरला नसता.

तेव्हा आधी दादांशी बोला. कार्यक्रमाचा विषय काढू नका. ‘तिथं काय काय झालं’ असंही विचारू नका. ‘तुमच्याबरोबर कोण कोण होतं?’ असं विचारा. फौजी लढाईबद्दल बोलायला अवघडतो, पण जोडीदाराबद्दल बोलतो. तो कुठल्या गावचा, त्याला घरून पत्र किती दिवसांनी यायचं, तो भाकरीच्या आठवणीनं कसा कासावीस व्हायचा. घरात पाहुण्यांसमोर नको, शेतात विचारा. आमच्याकडं येळवशीला, म्हणजे वेळा अमावास्येला, सगळं घर शेतात जातं, आंबिल-भज्जी खाऊन माणसं झाडाखाली निवांत पडलेली असतात, तेव्हा बऱ्याच फौजींची तोंडं उघडलेली मी पाहिली आहेत. तुमच्याकडंही येळवस होतेच.

ते बोलले, तर ग्रामपंचायतीला एक कागद द्या. त्यावर दादांचं नाव, हुद्दा, महार रेजिमेंट, ऑपरेशन पवन, श्रीलंका आणि वर्षं. त्यांची हरकत नसेल तर त्यांच्या जोडीदाराचं नावही लिहा आणि सूत्रसंचालकाला ते दादांच्या नावाआधी वाचायला सांगा. कागदावर जे आहे त्याच्या पुढं एक शब्दही वाढवायचा नाही, हे त्याला बजावून सांगा.

जमलं तर त्यांना दिल्लीला न्या. इंडिया गेटजवळचं राष्ट्रीय समर स्मारक २५ फेब्रुवारी २०१९ ला खुलं झालं. स्वातंत्र्यानंतर देशासाठी गेलेल्या २५ हजारांहून जास्त जवानांची नावं तिथं ग्रॅनाइटवर कोरली आहेत आणि त्यांत ऑपरेशन पवनची नावं आहेत. श्रीलंकेनंही कोलंबोजवळ शांतिसेनेचं स्मारक बांधलं आहे, पण दिल्ली आपल्याला जवळ. मी तिथं माझ्या सेक्शनमधल्या एका जोडीदाराचं नाव शोधून काढलं. शोधायला बराच वेळ लागला. नाव बरोबर होतं, पलटण बरोबर होती. माझा स्वतःचा सत्कार झाला असं मला आयुष्यात पहिल्यांदा तिथं वाटलं. त्या भिंतीवर माझं नाव नाही, तरी वाटलं.

हे सगळं करूनही दादा नाही म्हणाले, तर त्यांचं नाही गावानं ऐकावं. भाव खातात म्हणणाऱ्यांना हा अंक वाचायला द्या.

प्रश्न : मी जिंतूर तालुक्यातला. फौजेत सतरा वर्षं लांगरी, म्हणजे स्वयंपाकी, होतो. १९९९ ला कारगिलच्या वेळी आमची पलटण द्रासला होती, मी खाली लांगरखान्यात. शत्रूवर एक गोळी झाडलेली नाही. गावातल्या पोरांनी यंदा फ्लेक्स केला. माझ्या फोटोमागं तोफ आणि बर्फाचा डोंगर, खाली ‘रणझुंजार योद्धा’. बघून लाज वाटते. खरं सांगितलं तर पोरं हिरमुसतील, नाही सांगितलं तर मला झोप लागत नाही. — एक माजी सैनिक

उत्तर : भाऊ, खरं सांगा, आणि मान वर करून सांगा. तुम्ही जे केलं ते झाकायची गरज नाही, म्हणून त्यावर तोफ चिकटवायचीही गरज नाही.

पोरांना द्रास म्हणजे काय ते आधी सांगा. उंची दहा हजार फुटांच्या वर. तिथं पाणी लवकर उकळतं पण डाळ शिजत नाही, हे घरी गॅसवर वरण लावणाऱ्याला ठाऊक नसतं. तिथल्या टोलोलिंग शिखरावरून श्रीनगर-लेह रस्ता थेट दिसतो. १३ जूनला आपल्या जवानांनी टोलोलिंग परत घेतलं, तोवर शत्रू वर बसून रस्त्यावरच्या गाड्यांवर तोफेचे गोळे पाडत होता. तुमचा लांगरखाना त्याच गोळ्यांच्या टप्प्यात होता. उजेड दाखवायचा नाही, धूर दाखवायचा नाही आणि अंधार पडायच्या आत वर चढणाऱ्या पोरांच्या पिट्टूत, म्हणजे पाठीवरच्या पिशवीत, पुऱ्या आणि शक्करपारे भरून द्यायचे. त्यातली काही पोरं दुसऱ्या दिवशी खाली आली नाहीत. त्यांच्या वाट्याची पुरी हातात घेऊन बसलेला लांगरी मी पाहिला आहे. तुम्हीही तसेच बसला असाल. तुमच्या ट्रंकेत ऑपरेशन विजयचं, म्हणजे कारगिलच्या लढाईचं, पदक असेल तर ते कुणाची भीड म्हणून मिळालेलं नाही.

मी हे तुमचं मन राखायला लिहीत नाही. गोळी न झाडणाऱ्या फौजेला लोक काय मान देतात ते मी माझ्या गावात पाहिलं आहे.

माझं गाव किल्लारीपासून लांब नाही. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या रात्री गणपती बोळवून गाव झोपलं होतं, पहाटे चारच्या सुमाराला भूकंप झाला. आमच्याकडची घरं दगडमातीच्या जाड भिंतींची, वर माळवद, माळवदावर हाताभर माती. ते सगळं झोपलेल्या माणसांवर आलं. मी तेव्हा काश्मीरमध्ये होतो. रेडिओवर किल्लारीचं नाव ऐकलं आणि पलटणीच्या कमांडिंग ऑफिसर साहेबांनी मी मागायच्या आत सुट्टी दिली. सोलापूरपर्यंत रेल्वे, पुढं मदतीच्या ट्रकमधून. पाऊस लागलेला, सगळीकडं चिखल.

गावात पोचलो तर फौज माझ्या आधी पोचलेली होती. कुठल्या तरी दुसऱ्याच पलटणीचे जवान, भाषा निराळी, हातानं दगड उचलून माणसं काढत होते. माझी बायको आणि वर्षाचं पोरगं अंगणात झोपले होते म्हणून वाचले. चुलती आत होती. तिला त्या जवानांनीच काढलं होतं. जीव राहिला नव्हता, पण कुणीतरी तिचं लुगडं नीट केलं होतं आणि स्वतःचं कांबळं तिच्यावर पांघरलं होतं. ते कांबळं परत न्यायला कुणी आलं नाही.

त्या तुकडीत एक लांगरी होता. त्यानं वडाखाली दगडांची चूल मांडली आणि डाळभात चढवला. गावात कुणाच्या घरी चूल उरली नव्हती. ज्यांनी सकाळपासून माणसं जाळली होती ती माणसं त्या चुलीपाशी येऊन बसली. तो कुणाची जात विचारत नव्हता, नाव विचारत नव्हता, त्याला आमची भाषाच येत नव्हती. फक्त ताटात वाढत होता आणि जो खात नव्हता त्याच्यासमोर उकिडवा बसून राहत होता, तो खाईपर्यंत. निघायच्या दिवशी एका म्हातारीनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि कडाकडा बोटं मोडली. तिच्यापाशी द्यायला दुसरं काही नव्हतं. तीसहून जास्त वर्षं झाली. आमच्या गावात फौजेची आठवण निघाली की लोक आधी त्या डाळभाताबद्दल बोलतात.

पोरांना म्हणा, तोफ काढा. लांगरखान्यातला फोटो असेल तर तो लावा, नसेल तर तुमचा वर्दीतला साधा फोटो. खाली लिहा : लांगरी, अमुक पलटण, द्रास, १९९९. पोरं हिरमुसतील असं मला वाटत नाही. त्यांच्यातली काही रोज पहाटे भरतीसाठी पळत असतील. त्यांतले सगळेच रायफल कंपनीत जाणार नाहीत. कुणी ड्रायव्हर होईल, कुणी क्लार्क, कुणी लांगरी, कुणी नर्सिंग असिस्टंट. त्यांना हे तुमच्याकडून आधीच कळलं तर बरं.

प्रश्न : आमच्या शाळेत यंदा गावातील सर्व माजी सैनिकांचा सत्कार ठेवला आहे. कार्यक्रम कसा करावा म्हणजे त्यांना समाधान वाटेल? — मुख्याध्यापक, हिंगोली जिल्हा

उत्तर : सर, वरची दोन पत्रं वाचलीत तर निम्मं उत्तर मिळेल. प्रत्येकाच्या घरी जाऊन आधी हुद्दा, पलटण आणि वर्षं लिहून आणा. हे काम नववी-दहावीच्या मुलांना द्या. गाव प्रेमानं प्रत्येक फौजीला मेजर म्हणतं, त्याला माझी ना नाही, पण स्मृतिचिन्हावर नाईक असेल तर नाईकच छापा. त्यानं तो हुद्दा घाम गाळून मिळवलेला असतो. पदकं आहेत का ते विचारा आणि लावून यायला सांगा. ती छातीच्या डाव्या बाजूला लावतात. जे गेले असतील त्यांच्या घरच्यांना विसरू नका.

भाषणं कमी ठेवा. पाहुणे यायचे आहेत म्हणून सत्तरीच्या माणसाला दोन तास उन्हात बसवायचं आणि मग घाईघाईनं शाल टाकून फोटो काढायचा, हे मी फार ठिकाणी पाहिलंय. मला त्याचा संताप येतो. त्यापेक्षा शाल-श्रीफळ अर्ध्या तासात आटपा आणि एकेका माजी सैनिकाला एकेका वर्गात न्या. मुलं खाली बसू देत, ते खुर्चीवर. मुलांनी विचारायचं ते आधी ठरवा. ‘किती जणांना मारलं?’ हा प्रश्न कुणीही विचारणार नाही एवढी खबरदारी घ्या, बाकी मुलं काहीही विचारू देत. थंडीत काय घालायचे, सुट्टी कशी मिळायची, भीती वाटली का. भीतीबद्दल मुलांनी विचारलं की फौजी खरं सांगतो, मोठ्यांनी विचारलं की सांगत नाही.

आणि सर, हे एका दिवसावर सोडू नका. आपल्या मराठवाड्यात १७ सप्टेंबरलाही झेंडा लागतो. १९४८ साली त्याच दिवशी निजामाच्या फौजेनं शरणागती पत्करली. मुक्तिसंग्रामात लढलेल्यांची घरं तुमच्या पंचक्रोशीत असतील. ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन असतो, १९४९ पासून. शाळेत त्याची वर्गणी गोळा होते, पण ती जवानांच्या कुटुंबांसाठी आणि माजी सैनिकांसाठी असते हे मुलांना बहुधा कुणी सांगत नाही. त्या दिवशी गावातल्या एखाद्या माजी सैनिकाला बोलावून त्यांच्या तोंडून सांगवा.

प्रश्न : माझे मालक बावीस वर्षं नोकरी करून गेल्या वर्षी घरी आले. गावानं उघड्या जीपमधून मिरवणूक काढली, डीजे लावला. मी ओवाळलं आणि मागं जाऊन उभी राहिले. त्यांच्या नोकरीत सासू-सासऱ्यांचं आजारपण, दोन लेकरांची शाळा, चार एकर रान आणि २०१६ चा दुष्काळ मी एकटीनं काढला. मला हार नको. पण एकदा कुणी नाव घेईल असं वाटत होतं. असं वाटणं चूक आहे का? — रेणापूर तालुका

उत्तर : वहिनी, अजिबात चूक नाही. हे पत्र मी माझ्या घरात मोठ्यानं वाचलं. माझी बायको म्हणाली, ‘बरोबर लिहिलंय तिनं.’

२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, इतकी आपली दशा झाली होती. तुम्ही तेव्हा टँकरच्या रांगेत घागरी घेऊन उभ्या असाल, आणि फोनवर मालकांना सांगत असाल, ‘इकडं सगळं ठीक आहे.’ त्या एका वाक्यावर माणूस पोस्टवर रात्र काढतो. भूकंपानंतर सुट्टी संपली तेव्हा मी बायकोला आणि वर्षाच्या पोराला पत्र्याच्या शेडमध्ये ठेवून काश्मीरला परत गेलो. घर पुन्हा उभं राहिलं ते तिनं उभं केलं. सरकारी कागद, सिमेंटची पोती, गवंडी, सगळं तिनं बघितलं. मी पत्रातून वाचलं.

म्हणून मला कुठं सत्काराचं बोलावणं आलं की मी एकच अट घालतो. स्टेजवर दोन खुर्च्या हव्यात. आयोजकांना आधी नवल वाटतं, मग ते खुर्ची आणतात. अजून कुणी नाही म्हटलेलं नाही.

आता चार ओळी तुमच्या मालकांसाठी. भाऊ, २६ तारखेला तुम्हाला बोलावतीलच. दोन खुर्च्या मागा. माइक हातात आला की आधी वहिनींचं पूर्ण नाव घ्या, चार एकर कुणी कसलं आणि तुमच्या आई-वडिलांना दवाखान्यात कुणी नेलं ते सांगा, मग पलटणीबद्दल बोला. गावासमोर बायकोचं नाव घ्यायला संकोच वाटेल, मलाही वाटला होता, तरी घ्या.

पुढच्या अंकात हयातीच्या दाखल्याच्या आणि वीरपत्नींच्या पेन्शनच्या राहिलेल्या पत्रांना उत्तरं देईन. पत्र पाठवताना पलटण आणि नोकरीची वर्षं जरूर लिहा, आणि घरातल्या बाईमाणसाला काही विचारायचं असेल तर त्यांनी स्वतः लिहावं.